दोन्ही वेळा हजर

हजेरी घेताना आमच्या बाई मान वर करत नसत. नाकावर घसरलेला चष्मा, डाव्या हाताचं बोट ओळीवर, उजव्या हातात शाईचं पेन. "एकवीस?" म्हणायच्या. कुणी "हजर" म्हणालं तर ठीक. कुणीच काही बोललं नाही तर क्षणभर थांबायच्या, स्वतःशीच "असेल की इथंच कुठं तरी" असं पुटपुटायच्या आणि "ह" लिहून बाविसाव्या मुलीकडं वळायच्या. पुढच्या बाकावरची एखादी शहाणी म्हणायची, "बाई, ती आली नाही." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "तू तुझ्यापुरतं सांग गं."

मी नवीन शिक्षिका होते, तेवीस वर्षांची. बी.एड.चं पुस्तक अजून डोक्यात ताजं होतं. एकदा स्टाफरूममध्ये मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही वर्गाकडं बघत का नाही?"

"बघितलं की दिसतं," त्या म्हणाल्या, "आणि दिसलं की लिहावं लागतं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नियम मोडतात, पण तो मोडतानाही त्यांचं अक्षर वळणदार असतं.

आमची शाळा सोलापुरातली, खाजगी, फक्त मुलींची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट सांगते आहे. शाळेच्या मागेच बोर्डिंग होतं. तिथं बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या खेड्यांतल्या साठेक मुली राहायच्या. त्यातल्या निम्म्या एकमेकींशी कानडीत भांडायच्या आणि आमच्यासमोर मराठीत समेट करायच्या. मी बोर्डिंगमध्येच एका खोलीत राहायचे आणि संध्याकाळच्या अभ्यासावर लक्ष ठेवायचे. दुष्काळाचं वर्ष होतं. जेवणात रेशनवरच्या परदेशी लाल मिलो ज्वारीची भाकरी असायची आणि ती खाऊन मुली प्रार्थनेला उभ्या राहिल्या की अर्ध्या डुलक्या घ्यायच्या. त्या वर्षी गणवेशाची सक्तीही नव्हती. जिला जे अंगावर घालायला मिळेल ते चालायचं.

बोर्डिंगच्या मुली गैरहजर राहणं शक्यच नव्हतं. ताप आला तरी त्या शाळेच्या आवारातच असायच्या. प्रश्न होता तो घरून येणाऱ्या मुलींचा. त्या बहुतेक भवानी पेठेकडच्या, विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू बोलायच्या. बाप मागावर, आई बिड्या वळायला. आई आजारी पडली, बाळंत झाली, की तिचं सूप मुलीच्या मांडीवर येई. त्या सुपात तंबाखू, कापलेली पानं, दोऱ्याचं रीळ. अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, मुलगी आठवड्यातले दोन दिवस घरी बसून बिड्या वळे आणि उरलेले दिवस शाळेत येऊन बीजगणित सोडवी. वही तपासताना तंबाखूचा वास यायचा. मला पहिल्यांदा शिंका आल्या होत्या.

शाळेचा नियम कडक होता. तीन चतुर्थांश हजेरी नसेल तर मॅट्रिकचा फॉर्म पाठवायचा नाही. आणि त्याला जोडून आमच्या शाळेची एक खास प्रथा होती. घरून येणारी मुलगी चिठ्ठी न पाठवता गैरहजर राहिली, की दुपारच्या आत शाळेची मावशी तिच्या घरी जाऊन चौकशी करायची. मुख्याध्यापिकांना या प्रथेचा फार अभिमान होता. "आमच्याकडं मुलगी सुरक्षित असते," असं त्या प्रत्येक पालकाला सांगायच्या.

बाईंना ही मावशी घरोघर गेलेली नको असायची. "मावशी दारात उभी राहिली की शेजारपाजारी बघतात," त्या मला सांगायच्या. "मग बाप चिडतो. म्हणतो, एवढी कटकट असेल तर बंदच करा शाळा. एक ह लिहिला की मुलगी शाळेत राहते. गै लिहिला की कायमची जाते. आता तू सांग, खरं कुठलं?"



बाईंच्या या उद्योगाच्या गमतीही होत्या. एकदा शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला अचानक आले. वर्गात एकेचाळीस मुली आणि हजेरीच्या कॅटलॉगात बावन्न. साहेबांनी विचारलं, "बाकीच्या?" बाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी प्यायला गेल्यात." साहेब खुर्ची ओढून बसले. बाई बाहेर आल्या, मला म्हणाल्या, "बोर्डिंगातल्या अकरा पाठव, पळ." मी हाताला लागतील त्या अकरा पाठवल्या. त्यात एक सातवीतली होती, आणि एक तर स्वयंपाकीणबाईंची धाकटी. साहेबांनी नेमकी तिलाच उभी केली आणि विचारलं, "वय काय तुझं?" ती म्हणाली, "बाई सांगतील तेवढं." साहेबांनी चष्मा पुसला, चहा घेतला आणि शेऱ्यात लिहिलं, वर्गाची शिस्त समाधानकारक.

पण बाई नुसता ह लिहून हात झटकत नव्हत्या, हेही सांगायला हवं. आठवडाभर जी जी मुलगी आली नाही तिच्या घरी त्या रविवारी जायच्या. अंगणात फतकल मारून बसायच्या आणि मुलीच्या बोटांना उसंत नसली तरी तिच्या कानात सगळा आठवडा ओतायच्या. एका घरच्या आईनं म्हटलं, "बाई, रिकामंच बसलाय, दोन वळा की." बाईंनी वळल्या. कारखान्यात त्या बिड्या नापास झाल्या. बाई सोमवारी स्टाफरूममध्ये ते सांगताना पोट धरून हसत होत्या. पन्नाशीची बाई, नवरा तरुणपणीच गेलेला, शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मीही माझ्या नववीच्या वर्गात तसंच करायला लागले. पहिला खोटा ह लिहिताना हात अडखळला. पाचव्या वेळी अडखळला नाही. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. एकदा माझ्या कॅटलॉगावरून नजर फिरवून त्या एवढंच म्हणाल्या, "रविवारी जातेस का त्यांच्या घरी?" मी म्हटलं, "जाईन की." मी कधी गेले नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, मॅट्रिकचे फॉर्म पाठवायला आठवडा उरला असताना, एका मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला सरोजाचे वडील शाळेत आले. सरोजा बाईंच्या अकरावीच्या वर्गातली. हुशार नव्हती, चिवट होती. वडील मागावरून तसेच उठून आले होते, डोक्यात सुताचा कापूस.

"माजी पोरगी कुटं हाय?" त्यांनी विचारलं. "सकाळी दहाला घरनं निघाली. कारखान्यात बिड्या देऊन तसंच साळंला जातो म्हनली. अजून न्हाय आली की."

मुख्याध्यापिकांनी कपाट उघडून कॅटलॉग काढला. अकरा वाजताची हजेरी ह. मधल्या सुट्टीनंतरची हजेरीही ह. "पाच वाजेपर्यंत ती इथंच होती," त्या ठामपणे म्हणाल्या. "दोन्ही वेळा हजर आहे."

झालं. आम्ही शाळेतच शोधू लागलो. मी बोर्डिंगच्या खोल्या पाहिल्या, माडी पाहिली, मोरी पाहिली. मावशीनं विहिरीत कंदील सोडला. बोर्डिंगच्या मुलींना रांगेत उभं करून विचारलं, शाळा सुटल्यावर सरोजाला कुणी पाहिलं का. एका मुलीला वाटलं आपण पाहिलं. दुसरीला वाटलं ती कुणाशी तरी बोलत होती. विचारणाऱ्याचा चेहरा बघून माणसं काय काय आठवतात. पाच मिनिटांत "कुणाशी तरी" म्हणजे "कुण्या माणसाशी" झालं आणि वडिलांचा चेहरा काळवंडला.

बाईंना बोलावणं गेलं होतं. त्या आल्या तेव्हा ऑफिसात टेबलावर कॅटलॉग उघडाच होता. त्यांनी तो पाहिला. वडिलांकडं पाहिलं. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला सगळं माहीत होतं. सरोजा आज आली नव्हती, हे मी बाईंच्या त्या उभं राहण्यावरूनच ओळखलं. त्या का बोलत नाहीत तेही कळलं. सरोजा घरी बिड्या वळतेय असं समजून त्यांनी ह लिहिला होता. तो एक ह खोटा ठरला की मागचे सगळे ह उलगडणार, आणि आठवड्यात फॉर्म जायचे होते. तिला धरून नऊ मुलींचे. मीही तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते, पण माझं कारण एवढं मोठं नव्हतं. मला माझी नोकरी दिसत होती.

तेवढ्यात सरोजाचे चुलते सायकलवरून परत आले. वडिलांबरोबर तेही शाळेत आले होते आणि कॅटलॉग पाहूनच मोठ्या दवाखान्यात चौकशी करायला गेले होते.

"तितं न्हाय," ते भावाला म्हणाले. "एक पोरगी हाय म्हने, मालट्रकखाली पाय गेलेली. सुद्दीवर न्हाय. पर ती सकाळी साडेदहालाच आनलीया. बिडीवाली हाय, जवळ बिड्यांची पाटी सापडली. आपली तर पाचपर्यंत साळंतच हुती. मी बगितलं बी न्हाय, तसाच आलो."

दवाखान्याच्या दारातून तो माणूस परत आला होता. आत जाऊन पडद्यामागं बघितलं सुद्धा नव्हतं. का, तर आमच्या कॅटलॉगात सुबक अक्षरात दोन ह होते.

"जा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटला नाही. "आत्ता जा. ती आज शाळेत आलीच नव्हती."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, विचार करून बोला."

"केला. ती आली नव्हती. मी लिहिलं."

वडिलांना कळेना. ते कॅटलॉगाकडं बोट दाखवत म्हणाले, "मग हितं का लिवलंय?"

 चप्पल घालून बाईच आधी फाटकाबाहेर पडल्या, आणि दोघे भाऊ त्यांच्यामागं धावले.

ती सरोजाच होती. पायाच्या ऑपरेशनसाठी सकाळपासून डॉक्टर नातेवाइकाच्या सहीची वाट पाहत होते. सही मिळाली तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. दुपारी कुणी आलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही. बाईंनीच विचारलं. मग त्यांनी सांगितलं, की कदाचित वाचला असता.

गै लिहिला असता तर बारा वाजता मावशी सरोजाच्या दारात उभी राहिली असती. हे वाक्य मला कुणी बोलून दाखवलं नाही. पन्नास वर्षं ते मीच मला ऐकवते आहे.

वडील बाईंवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं बाई मला नंतर म्हणाल्या. दवाखान्याच्या पायरीवर बसून ते हळूच म्हणाले होते, "तुमी चांगल्यासाटीच केलं असंल वो बाई. पर माजी पोर दिवसभर बेवारस पडली की."

पुढच्या शनिवारी संस्थेचे तीन सदस्य चौकशीला बसले. आम्हा सगळ्या शिक्षिकांना समोर बसवलं होतं. बाईंनी काहीही लपवलं नाही. कुठल्या मुली, कुठले दिवस, सगळं सांगितलं. आठवत नव्हतं तिथं रविवारच्या भेटींवरून मोजून सांगितलं. शेवटी एका सदस्यानं विचारलं, "असं आणखी कोण कोण करतं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही," म्हणाल्या. "ही माझीच सवय."

तेव्हा उठून उभं राहायला हवं होतं. माझे पाय धडधाकट होते. मी उठले नाही. सोमवारी कपाट उघडून मी माझ्या कॅटलॉगातले ह मोजत बसले आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं ते ठरवत राहिले. कुणीच विचारलं नाही. त्याच शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. निरोपसमारंभात एका विद्यार्थिनीनं माझ्या सचोटीवर भाषण केलं. मी हार घालून बसले होते.

बाईंनी राजीनामा दिला. नऊही फॉर्म थांबले. बाई खरं बोलल्या आणि त्याची किंमत सरोजाखेरीज आणखी आठ घरांनी मोजली. त्यातली एक आई शाळेच्या फाटकात येऊन बाईंना काय काय बोलली ते मी इथं लिहीत नाही. ती चुकली होती असंही मला म्हणता येत नाही.

नंतर कळलं की बाई त्या नऊ जणींना बाहेरून परीक्षेला बसवणार आहेत. सरोजाच्याच अंगणात रोज दुपारी वर्ग भरायचा. एकदा मी धाडस करून गेले. सरोजा भिंतीला टेकून बसली होती, कुबडी शेजारी. बाकीच्या मुली सूप मांडीवर घेऊन गोलात. बाई भूगोल सांगत होत्या आणि मुलींची बोटं पानं वळत होती. कुणी चुकीचं उत्तर दिलं की सरोजाची आई चुलीपाशी बसून तेलुगूत काही तरी म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. बाई हसत नव्हत्या. प्रत्येकीच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होत्या. तासाभरात त्यांची नजर एकदाही पुस्तकाकडं गेली नाही.

मला पोचवायला त्या कोपऱ्यापर्यंत आल्या. "तू येत जाऊ नकोस इकडं," म्हणाल्या. "कुणी बघितलं तर तुझंही निघेल. तुझं आता कुठं सुरू झालंय."

"बाई, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"तुझ्या त्या नववीतल्या मुलींचं काय झालं असतं मग?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं की मला सोडवायला त्या म्हणाल्या, कुणास ठाऊक. मी त्या मुलींचा विचारच केला नव्हता. पण हे बोलणं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यानंतर मी त्या अंगणात गेले नाही. हे लिहिताना आज लाज वाटते. लाज वाटून काय उपयोग, तेही कळतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये बाहेरून बसणाऱ्या मुलींच्या केंद्रावर मला पर्यवेक्षक म्हणून नेमलं. दुसऱ्याच शाळेची इमारत, वरच्या मजल्यावरचा वर्ग. यादी पाहिली तर नऊपैकी पाच जणी माझ्याच वर्गात होत्या. सरोजा सगळ्यांच्या आधी आली. जिना चढायला तिला किती वेळ लागेल याचा हिशेब करून निघाली असणार. माझ्याकडं बघून ती ओळखीचं हसली. मागून आणखी दोघी आल्या. दोन बाकं रिकामी राहिली.

पेपर वाटून मी खिडकीशी गेले. खाली फाटकाबाहेर बाई उभ्या होत्या. काळी छत्री, हातात पाण्याचा तांब्या, वर रुमाल बांधलेला. मार्चमधलं सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या रस्त्याच्या भवानी पेठेकडच्या टोकाला डोळे लावून उभ्या होत्या. मध्येच चार पावलं पुढं जायच्या, परत यायच्या. त्या दोघींपैकी एकीचं लग्न ठरल्याचं मी ऐकलं होतं. बाईंना ते माहीत नसेल असं शक्य नव्हतं.

पहिला अर्धा तास उशिरा येणाऱ्याला आत घेतात. अर्ध्या तासाची घंटा झाली. शिपाई फाटक लावायला गेला. बाई त्याच्याशी काही तरी बोलल्या. त्यानं मान हलवली. त्या पुन्हा बोलल्या, रस्त्याकडं हात केला. तो जरा वेळ थांबला, त्यानंही रस्त्याकडं पाहिलं, मग फाटक लावून घेतलं.

मला खाली जाता आलं असतं. शेजारच्या पर्यवेक्षिकेला दोन मिनिटं वर्गाकडं बघ म्हणता आलं असतं. खाली जाऊन, तीन आल्यात बाई, सरोजा लिहितेय, एवढं तरी सांगता आलं असतं.

मी टेबलाशी आले. केंद्राच्या छापील तक्त्यात दोन आसनक्रमांक काढले, त्यांच्यापुढं लाल शाईनं गैरहजर असं लिहिलं आणि खाली सही केली. शिपाई येऊन तक्ता घेऊन गेला. पुन्हा खिडकीशी गेले तेव्हा बाईंनी छत्री मिटली होती आणि बंद फाटकाला पाठ लावून त्या अजून रस्त्याकडंच बघत होत्या.